सही करण्याआधी

आमच्या युनिव्हर्सिटीत मुलांची गोल्फ टीम आणि मुलींची गोल्फ टीम एकाच इमारतीत कपडे बदलतात, एकाच ग्रीनवर, म्हणजे हिरवळीवर, प्रॅक्टिस करतात. पण बोलणं? छे! त्यांचे कोच वेगळे, आमच्या वेगळ्या, आणि सकाळी सहाला बोलायचा उत्साह असतो कोणाला!

त्या ऑक्टोबरच्या सकाळी गवतावर दव गोठलं होतं. गोठलेलं गवत तुडवलं की मरतं, म्हणून दोन तास खेळ बंद. दोन्ही टीमची निवड त्याच दिवशी होती. मग वेळ वाचवायला कोचनी एक मुलगा, एक मुलगी अशा जोड्याच लावून टाकल्या. माझ्या वाट्याला आला शंतनू, नागपूरचा, यंदाच मास्टर्सला या देशात आलेला. थंडीने नाक लालेलाल.

"दातार? म्हणजे मराठी?" माझ्या बॅगेवरचं नाव वाचत तो म्हणाला.

"शिवांगी. इथेच जन्मलेली, बॉथेलची मराठी. चालेल?"

"चालेल काय, पळेल!"

मला मात्र गप्पा नको होत्या. स्पर्धेला पाचच जणी जातात. चार ठरल्या होत्या. पाचवी मी की एमा, ते त्या दिवशीच्या स्कोअरवर ठरणार होतं. जिचे शॉट कमी, ती जाणार. आणि स्पर्धा होती आमच्या घरापासून वीस मिनिटांवर! मला गोल्फची काठी धरायला बाबांनी शिकवलं, पण कॉलेजकडून खेळताना त्यांनी मला एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी रजा टाकली होती. आईचे तर सगळ्या काकूंना फोनही करून झाले होते.

गोल्फमध्ये आपला स्कोअर आपण लिहायचा नसतो. माझा शंतनू लिहिणार, त्याचा मी. शेवटी आपलं कार्ड आपण तपासायचं आणि सही करायची. सही झाली की विषय संपला. शॉट जास्त लिहिले गेले असले तरी तेच धरतात.

चौथ्या होलला त्याने खिशातलं हात शेकायचं गरम पाऊच माझ्या हातात कोंबलं. "बोटं निळी झाली यार तुझी."

"आणि तुझी?"

"माझं काय, मी तसाही वाईटच खेळतोय."

सतराव्याला तर मी कमाल केली. तीन शॉटमध्ये बॉल आत! त्याला पाच लागले. तरी नाचला तो, मी नाही.

संपल्यावर त्याने माझं कार्ड पुढे केलं. "आईने चहाचा मसाला पाठवलाय. पिणार...?"

"आलं घालणार असशील तर —" म्हणत मी सही केली.

अर्ध्या तासाने बोर्डावर माझं नाव एमाच्या खाली होतं. एमा चौऱ्याहत्तर. मी पंचाहत्तर. मी तर त्र्याहत्तर मारले होते! कोचने कार्ड दाखवलं. कार्डावर लिहिणाऱ्याचाही रकाना असतो, आणि सतराव्या होलला शंतनूने दोन्ही रकाने उलटे भरले होते. माझे तीन त्याच्या नावावर, त्याचे पाच माझ्या. खाली माझी झोकदार सही.

शंतनू तडक आमच्या कोचकडे गेला, "चूक माझी," म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली. सही ती सही.

पार्किंग लॉटमध्ये मी गाडीला टेकून रडत बाबांना फोन लावला. शंतनू थोड्या अंतरावर उभा होता, हातात थर्मास. मला इतका राग आला होता त्याचा! आणि तो निघून गेला असता तर त्याहून जास्त आला असता.

"बाबा, मी येत नाहीये," मी सगळं सांगितलं.

"सही कोणाची?"

"माझी."

"मग झालं तर," बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज एवढासा झाला, आणि मला हुंदकाच आला.

शंतनूने हात पुढे केला. "दे... मी बोलतो."

मी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, मी शंतनू. कार्ड मी चुकीचं लिहिलं. सॉरी."

"कॉलेजकडून खेळतोस ना? मग लिहिताना लक्ष कुठे होतं?"

शंतनूने माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. "खरं सांगू काका?... शिवांगीकडे."

माझे कान तापले.

"शिवांगी," बाबा म्हणाले, "आणि सही करताना तुझं गं?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. "त्याच्याकडे, बाबा."

"अगं बाई!" मागून आई.

बाबांनी मोठा सुस्कारा सोडला. "थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत दोघंही या. तिघं खेळू. मला निदान तेव्हा तरी बघू दे." मग म्हणाले, "आणि दोघांचंही कार्ड मी लिहीन."