चिवड्याच्या डोक्यावरची निळी खूण

"मी कुत्रा बदललेला नाही, ताई," विनीता मृणालिनीला म्हणाली. "पण दुपारी जज माझा रेकॉर्ड कॅन्सल करणार."

अलास्का, मार्च १९८५. कुत्र्यांच्या लांब पल्ल्याच्या स्लेज-शर्यतीत विनीता पहाटे पहिली आली होती, तीही आजवरच्या सर्वांत कमी वेळात. पण तपासणीत तिच्या आघाडीच्या कुत्र्याच्या, चिवड्याच्या, डोक्यावर निळी खूण नव्हती. सुरुवातीला ती प्रत्येक कुत्र्याला करतात, वाटेत दमलेल्याच्या जागी कुणी ताजा जोडू नये म्हणून.

सिॲटलची डिटेक्टिव्ह मृणालिनी देव नवऱ्याबरोबर शर्यत बघायला आली होती. गेली सुट्टी, असं चारुदत्तच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

जजने वैतागूनच सांगितलं, खूण मेंढ्यांवर करायच्या मेणचट खडूची असते. बर्फाने जात नाही, पाण्यानेही नाही.

विक्रम मोडला होता तो दुसऱ्या स्पर्धकाचा, अर्ल बोल्टनचा. पण तो पोचला तेव्हा चिवड्याची तपासणी होऊन गेली होती. विनीताचा मदतनीस अनिल, नागपूरहून इथे शिकायला आलेला, कुत्र्यांचे पाय गरम पाण्याने पुसत होता.

"सापडलं," चारुदत्त म्हणाला. "पाणी डोक्यावर सांडलं."

"आत्ताच जजनी काय सांगितलं रे?"

दोघं लॉजकडे वळली.

विनीताची आई, सुमित्राकाकू, रेडमंडहून आली होती. लॉजमध्ये हीटर इतका तापला होता की सगळ्यांनी स्वेटरसुद्धा काढले होते. काकूंच्या उजव्या हातात मात्र मोजा तसाच. लेक आपल्याला कुत्र्यांजवळ फिरकू देत नाही, आपण काय सांगणार, एवढंच त्या म्हणाल्या. वेट्रेस चारुदत्तपाशी कुरकुरली, की ही बाई पहाटे नुसतं गरम पाणी घेऊन गेली, चहाची पुडी नको म्हणाली.

मृणालिनी चिवड्यापाशी वाकली. अंगभर केस फुललेले; दोन कानांच्या मध्ये तेवढे चापून बसलेले. तिने तिथे हात फिरवला, बोटं हुंगली आणि सगळ्यांना बोलावलं.

"पाण्याने न जाणारी खूण तेलाने जाते. इथल्या थंडीत खोबरेल दगड होतं, म्हणून बाटली गरम पाण्यात ठेवावी लागते. काकू, मोजा काढा."

तळहाताच्या रेषांत निळं भरलं होतं.

"दमून आलं होतं गं लेकरू," काकू विनीताला म्हणाल्या. "तू फोटोंत गुंतली होतीस. टाळूवर जरा तेल घातलं. अंधारात दिसलं नाही. आत आल्यावर हात बघितला. मग सांगायचं धाडसच होईना. आईमुळे सगळं गेलं, असं म्हणाली असतीस."

"यू शुड हॅव टोल्ड मी, आई."

जजने दुसऱ्या कुत्र्याच्या खुणेवर तेल चोळून पाहिलं. बोट निळं झालं. त्याने विनीताची माफी मागितली: फसवणूक नाही, पहिला नंबर कायम. पण तपासणीत खूण दिसली नाही तर वेळ विक्रमात धरायची नाही, हा नियम. तो त्याला मोडता येत नव्हता.

ज्याचा विक्रम त्यामुळे टिकला, त्या अर्लनेसुद्धा मान खाली घातली.

विनीता दारापर्यंत गेली, तिथेच थांबली. काकू खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या.

"पुढच्या वर्षी परत मोडीन," ती म्हणाली. "तूही ये. पण मी पोचले की आधी माझ्याजवळ."