मिठाच्या पाण्यातली रेघ

मला थापाड्या म्हणतात, म्हणोत बापडे. पण हे ऐका.

एकोणऐंशी साली मी धारवाडच्या एका प्रयोगशाळेत सदाशिव सरांच्या हाताखाली होतो. सांध्यातली कूर्चा कुरतडणारं एक एन्झाइम सर शोधत होते. मिळालं ते त्यांच्या बायकोच्याच, हेमावतीअक्कांच्या, सुजलेल्या गुडघ्याच्या पाण्यात. ते शुद्ध करून सशाला टोचलं. सशाच्या रक्तात त्याला ओळखणाऱ्या अँटिबॉडी तयार झाल्या.

"सशाला ओळख पटली माझी. तुम्हाला कधी पटायची?" हेमावतीअक्का सरांना चिडवायच्या.

त्याच वर्षी अक्का गेल्या. मागोमाग ससाही. उरली त्याच्या रक्तातून काढलेल्या, त्या अँटिबॉडी असलेल्या सीरमची एक कुपी.

काम साधं. काचेच्या बशीत जेल, जेलमध्ये दोन खळगे. एकात सीरम, दुसऱ्यात रुग्णाच्या गुडघ्याचं पाणी. एन्झाइम असलं तर दोन दिवसांत मधोमध पांढरी रेघ उमटते. ताडून बघायला एका बशीत नुसतं मिठाचं पाणी. तिथं काही उमटत नसतं.

उमटलं.

"पिपेट नीट धुतली नसेल मी, सर…"

"धुतलीस. मी बघत होतो." सरांची नजर रेघेवरून हलेना. "परत लाव."

नवी बशी, नवं मीठ. भर दुपार, खिडक्या सताड उघड्या, तरी खोलीत निर्गुडीच्या तेलाचा वास. अक्का गुडघ्याला चोळायच्या तेच तेल.

रेघ आली. मग सर रोजच लावू लागले.

शेवटचा थेंब उरला तेव्हा मी धीर केला. "हॉस्पिटलातनं नवा नमुना आलाय, सर. प्रबंध अडलाय. हा थेंब त्याला…"

"राहू दे की रे प्रबंध, नागोजी." त्यांचा आवाज खोल गेला होता. "हा संपला की हिला कशानं बोलवू?"

त्यांनी तो थेंब मिठाच्या पाण्यासमोर सोडला. रेघ उमटली, आणि ती बशी घेऊन सर जुन्या हुबळीतल्या घरी गेले ते प्रयोगशाळेत परतलेच नाहीत.

एकदा उमटलेली रेघ हलत नसते. ही हलत होती. वर्षाला गव्हाच्या दाण्याएवढी.

परवा पुन्हा त्यांच्या घरी गेलो होतो. जेल कधीच वाळून गेलाय. रेघ मात्र बशीचा काठ उतरून टेबलाच्या लाकडावर आली होती, सरांच्या खुर्चीच्या रोखानं, बोटभर. मी नकळत रुमाल काढला.

"पुसू नको," सर हळूच म्हणाले. "चालायला त्रास होतो तिला…"