जास्तीचा ‘अजिबात’

“हे उत्तर ज्या गाढवानं लिहिलंय ना, त्याला एकदा दोन हंडे देऊन त्या टेकडीवर चढवलं पाहिजे.”

ती हे स्वतःशीच म्हणाली. पण सभागृहाच्या कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत माणूस स्वतःशी बोलला तरी पुढच्या दोघांना आणि मागच्या तिघांना ऐकू जातं. मागच्या तिघांपैकी पहिला खाकरला.

“चढेल की,” तो म्हणाला. “पण तीननंतर. तोवर त्या गाढवाला अजून नऊ उत्तरं लिहायचीत.”

तिनं वळून पाहिलं. किडकिडीत अंगकाठी, बगलेत तीन फायली, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली, मधल्या बोटावर शाईचा डाग. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या… पण माघार घ्यायला तिच्या आजोळी कुणी शिकवलेलंच नव्हतं.

“पाणीपुरवठा खात्याची उत्तरं तुम्ही लिहिता?”

“सही मंत्र्यांची असते. लिहितो मी.”

“आणि हा प्रश्न—”

“मामासाहेबांचा. म्हणजे सही त्यांची. लिहिता तुम्ही.” तो किंचित हसला. “‘नसल्यास’च्या पुढे न चुकता स्वल्पविराम देणारं या इमारतीत दुसरं कुणी नाही. मी वर्षभर विचार करतोय, कोण असेल म्हणून.”

आपल्या स्वल्पविरामाकडे कुणी वर्षभर पाहत होतं, हे कळायला तिला वयाची सव्वीस वर्षं लागली. त्या दिवशी तिनं चहात साखर घातली नाही आणि तिला ते कळलंही नाही.

ही गोष्ट फार जुनी. तेव्हा प्रश्न कार्बन लावून तीन प्रतींत टाइप होत, उत्तरं सायक्लोस्टाइल होऊन येत आणि त्यांना एक ओला, रॉकेलसारखा वास असे. तिला तो वास पुढे जन्मभर आवडत राहिला. कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

तिचे मामा, म्हणजे सगळ्या सभागृहाचे मामासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक. गावानं हौसेनं निवडून दिलं आणि सभागृहानं शेवटच्या बाकावर बसवलं. भाषणाला वेळ मिळे तो मोठ्या पक्षांना. मामांच्या वाट्याला उरलेली दोन मिनिटं, त्यातही घंटा. त्यामुळे शेवटपर्यंतच्या अकरा वर्षांत त्यांच्या नावावर भाषणं सात, आणि सातही ‘अध्यक्ष महाराज, मी एवढंच सांगू इच्छितो की’ इथं संपलेली. प्रश्न मात्र बाराशे चाळीस. प्रश्नाला घंटा नसते. कामकाजाचे छापील खंड सदस्यनिवासातल्या त्यांच्या दोन खोल्यांत भिंतीशी रचलेले असत, आणि लोकांनी लग्नाचा अल्बम दाखवावा तसे मामा ते आल्यागेल्याला दाखवत.

त्या बाराशे चाळिसांतले एकतीस प्रश्न एकाच टाकीबद्दल होते. गावाबाहेरच्या टेकडीवर पाण्याची टाकी बांधून पाच वर्षं झाली होती. मंत्र्यांनी येऊन फीत कापली होती. पंपाला ती चढण झेपत नाही, हे फीत कापून झाल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून गावाला कागदावर चोवीस तास पाणी होतं, आणि बायका रोज कागद ओलांडून विहिरीवर जात होत्या.

मामांना आता बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून भाची लिही. त्या गुरुवारचा तिचा प्रश्न असा होता: ‘सदर टाकीत आजवर पाण्याचा थेंबही पडलेला नाही, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय? नसल्यास, ती टाकी आज कोणत्या उपयोगात आहे?’ उत्तर आलं: ‘हे खरे नाही. टाकी पाणीपुरवठ्यासाठी राखीव आहे.’

“खरं कसं नाही?” तिनं कॅन्टीनच्या टेबलावर तो कागद आपटला.

“टाकीला झाकण नाही,” तो शांतपणे म्हणाला. “पावसाळ्यात थेंब पडतो. तुम्ही ‘थेंबही’ लिहिलंत आणि आम्हाला दार उघडून दिलंत. आम्ही पळालो.”

“हा निव्वळ चावटपणा आहे!”

“अंशतः,” तो म्हणाला.

तिला हसायचं नव्हतं. तरी हसू आलं. त्या दिवसापासून त्याचं नाव ‘अंशतः’ पडलं. त्यानं तिला ‘नसल्यास’ म्हणायला सुरुवात केली. दोघांनाही घरी बरी नावं होती. ती कुणाला आठवेनाशी झाली.

त्या खात्याचा वार गुरुवार. प्रश्नोत्तरं आटोपली की तो अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून उतरे, ती प्रेक्षकांच्या. खिडकीपाशी एक डगमगतं टेबल होतं, तिथं त्यांची शाळा भरे. तो तिचे जुने प्रश्न पेन्सिलीनं तपासायचा.

“‘पूर्णपणे’ खोडा. पूर्णपणे असं जगात काही नसतं. ‘गेली पाच वर्षे’? एक दिवस कमी निघाला तर संपलं. तारीख घाला. आणि हे ‘अत्यंत’…”

“अत्यंत हाल होतायत म्हणून अत्यंत लिहिलंय!”

“हाल होतायत एवढं पुरे. वाढीव शब्द दिसला की आमच्या खात्यात पेढे वाटतात.”

“तुम्ही स्वतःच्याच खात्याविरुद्ध शिकवताय, कळतंय ना?”

“मी अजून तात्पुरता आहे,” तो म्हणाला. “निष्ठा कायम झाल्यावर सुरू होते.”

बोलताना त्याचा चष्मा घसरे, आणि तो दोऱ्यानं बांधलेली काडी एका बोटानं वर ढकली. ती प्रश्नाकडे पाहत असे… म्हणजे पाहत आहे असं दाखवत असे.

अधिवेशन संपलं की मात्र गुरुवार नुसताच गुरुवार उरे. मग लेखी प्रश्न तेवढे टपालानं जात, टपालानं येत. एका उन्हाळ्यात असंच एक उत्तर आलं. पाइपांबद्दल होतं. शेवटी लिहिलं होतं: ‘विलंबाबद्दल खेद आहे.’ तिनं तो कागद चार वेळा वाचला. त्या खात्याला स्थापनेपासून कशाचाही खेद झालेला नव्हता. एक अख्खं पंपघर वाहून गेलं तेव्हासुद्धा ‘नोंद घेण्यात आली’ एवढंच आलं होतं.

“काय लिहिलंय गं?” मामांनी विचारलं.

“पाइप येतायत म्हणे.”

“मग तू कशाला लाजतेस?”

दोन वर्षं अशी गेली. मग मामांचं शेवटचं अधिवेशन आलं. पुन्हा उभं राहायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. एका संध्याकाळी खंडांच्या चळतीवर हात ठेवून ते म्हणाले, “पोरी, बाराशे चाळीस प्रश्नांत मला एकदाही ‘होय’ मिळालं नाही बघ. ‘नाही’ मिळालं, ‘अंशतः’ मिळालं, ‘चौकशी सुरू आहे’ मिळालं. तुझ्या मामीच्या बापानंसुद्धा तिसऱ्यांदा होय म्हटलं होतं. टाकीबद्दल एकदा तेवढं छापून येऊ दे. म्हणजे गावात तोंड दाखवायला बरं.”

तिनं लिहिलेला प्रश्न एका ओळीचा होता. ‘सदर टाकीत पंपाने पाणी चढत नाही, हे खरे आहे काय?’ त्याला खिडकी नव्हती, दार नव्हतं, उंदराला जायला बीळसुद्धा नव्हतं. सभागृहात घ्यायच्या प्रश्नांच्या सोडतीत तो पहिल्या क्रमांकावर निघाला.

गुरुवारी अंशतःनं तो वाचला. बराच वेळ वाचला; एका ओळीला लागू नये इतका.

“सुंदर आहे,” तो म्हणाला. “एक शब्द काढता येत नाही.”

“मग चेहरा का असा?”

“चेहरा असाच आहे.”

“अंशतः!”

त्यानं काडी वर ढकलली. “मला कायम करायची फाइल मंत्र्यांकडे आहे. फीत कापतानाचा त्यांचा फोटो त्यांच्याच खोलीत लावलाय, खुर्चीच्या वर. ‘होय’ लिहिलं तर फाइल गेली, मीही गेलो. ‘नाही’ लिहिलं तर ते धडधडीत खोटं. आजवर मी पळवाटा लिहिल्या, नसल्यास, खोटं नाही लिहिलं.” मग तो घाईनं म्हणाला, “तुम्ही विचारा. तुमचं काम विचारायचं. मी बघतो काय ते.”

ती घरी आली आणि दोन दिवस तिनं धड जेवण केलं नाही. एकीकडे मामांचा हात त्या खंडांवर. दुसरीकडे तो काळा दोरा. हा माणूस गेला तर गुरुवार जाणार होते, सगळेच्या सगळे.

सोमवारी, प्रश्नात दुरुस्ती करायच्या शेवटच्या दिवशी, तिनं प्रश्न पुन्हा टाइप केला. एकच शब्द घातला: ‘सदर टाकीत पंपाने पाणी *अजिबात* चढत नाही’. उद्घाटनाच्या दिवशी मंत्र्यांच्या समोर पंपानं दोन बादल्या पाणी चढवून मान टाकली होती. हे तिला त्यानंच सांगितलेलं. दोन बादल्या म्हणजे ‘हे खरे नाही’ लिहायला भरपूर जागा.

“वाच बघू,” मामा म्हणाले.

तिनं वाचलं. तो शब्द गाळून वाचलं. तिनं बोट ठेवलं तिथं मामांनी सही केली, नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराला शाळेतला फराटा देऊन. मामांना फसवायची ही तिची पहिलीच वेळ. पेनचं टोपण तिला तीनदा लावावं लागलं.

गुरुवार उजाडला. ती प्रेक्षकांच्या गॅलरीत बसली. समोरच्या गॅलरीत तो मान खाली घालून बसला होता. खात्यातलं उत्तर मंत्र्यांपर्यंत सात टेबलांवरून जातं, आणि प्रत्येक टेबलाची अशी श्रद्धा असते की आधीच्या टेबलानं ते वाचलं असेल. मंत्र्यांनी गाडीत चाळीस सह्या केल्या होत्या. आता ते उभे राहिले, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले:

“होय, हे खरे आहे.”

मग ते थांबले. कागद उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं.

समोरच्या बाकांवर दोन वर्तमानपत्रं खाली आली. अध्यक्ष म्हणाले, “सन्माननीय सदस्यांचा उपप्रश्न?” मामा उभे राहिले. “अध्यक्ष महाराज,” ते म्हणाले, “मी ‘नाही’ धरून उपप्रश्न लिहून आणलेत… ‘होय’साठी काही आणलेलं नाही.” आणि बाराशे चाळीस प्रश्न विचारलेला तो माणूस डोळे पुसत खाली बसला.

मंत्र्यांना सगळ्यांसमोर नव्या पंपाचं आश्वासन द्यावं लागलं. तो पुढच्या वर्षी बसला, हे सांगून टाकलेलं बरं. आज कुणी तो खंड उघडला तर हे सगळं अर्ध्या पानात सापडेल. तिनं कठडा किती घट्ट धरला होता, त्याची नोंद कुठं नाही.

शुक्रवारी दुपारी ती पहिल्यांदा त्याच्या कचेरीत गेली. चौथा मजला, वीसेक टेबलांची लांबट खोली. ती आत शिरताच सगळ्यांनी माना वर केल्या, आणि ती कुणाकडे चालली आहे हे कळताच सगळे फायलींत बुडाले. एवढं वाचन त्या खात्यात एका वेळी कधी झालं नसावं. तो खिडकीपाशी एका पत्र्याच्या ट्रंकेत आपली पुस्तकं भरत होता.

“कुठं?” तिनं विचारलं.

“पार नकाशाच्या कडेला. उपसचिव म्हणाले, हवा चांगली आहे. खात्याला माणूस नकोसा झाला की हवा चांगली होते.”

“आणि कायम व्हायचं?”

“फाइल परत आली. न उघडता.”

“मी शब्द घातला होता!” तिचा आवाज चढला, वीस टेबलांनी एकदम पान उलटलं. ती हळू झाली. “दार उघडं ठेवलं होतं मी. मामांच्या डोळ्यांत धूळ फेकून. नुसतं ‘हे खरे नाही’ लिहायचं होतं. दोन बादल्या होत्या की!”

“दिसला मला तो शब्द.”

“मग?”

त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो अगदीच तरुण दिसत होता.

“दोन वर्षं तुमचे प्रश्न तपासले मी. तो ‘अजिबात’ चुकून पडलेला नाही, हे या इमारतीत फक्त मला कळणार होतं. डबा तसाच टाकून गच्चीवर गेलो आणि तिथं वाचला. एवढा चांगला प्रश्न… आणि तुम्ही तो माझ्यासाठी बिघडवलात.” त्यानं चष्मा सदऱ्याला पुसला. “मला आयुष्यात आलेलं प्रेमपत्र म्हणाल तर तेवढं एकच. त्याला ‘हे खरे नाही’ असं उत्तर कसं देणार होतो मी?”

तिनं खिडकीची थडथडणारी काच ओढून घट्ट लावली.

“मामांना सांगितलं मी,” ती म्हणाली. “शब्दाचं. सकाळी.”

“रागावले?”

“आधी रागावले. मग पुन्हा वाचून दाखवायला लावलं, त्या शब्दासकट. मग म्हणाले, त्या पोराला जेवायला बोलाव. मग म्हणाले, थांब, आधी विचार, त्याला कुणी आहे का.”

“मग?”

“विचारतेय.”

“कुणी नाही,” तो म्हणाला. मग तिच्याकडे पाहून, सावकाश, “म्हणजे… कालपर्यंत नव्हतं.”

तिनं ट्रंकेत डोकावून त्याची पुस्तकं उगाच सारखी केली. झाकण लावलं.

“तिकडे पाणी आहे का?”

“माहीत नाही.” असं साधं वाक्य त्यानं त्या टेबलावर कधी लिहिलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यालाच हलकं वाटलं. “जाऊन बघतो.”

“दोघं बघू रे,” ती म्हणाली, आणि ट्रंकेची दुसरी कडी तिनं उचलली.