ग्लेनिसबाईंचा हिवाळा

मोटरहोम, म्हणजे आत राहता येतं अशी गाडी, हिवाळ्यासाठी बंद करायची म्हणजे नुसतं कुलूप लावून घरी यायचं नसतं. नळीत थोडं जरी पाणी राहिलं तरी जानेवारीत ते गोठतं, फुगतं आणि नळी फोडतं. म्हणून आधी टाकी पूर्ण रिकामी करायची, मग सगळे नळ उघडे ठेवायचे. फ्रिजचं दार जरा किलकिलं ठेवायचं, नाहीतर आत बुरशी धरते. गाद्या उभ्या करायच्या, गॅस बंद करायचा, बॅटरी सोडवायची. मी चौतीस वर्षं बर्मिंगहॅममध्ये लोकांचे गुडघे बदलले, त्यामुळे असल्या कामाची मला भारी गोडी. माझी बायको सुलक्षणा म्हणते, "हा पेशंट उलट बोलत नाही, म्हणून तुम्हाला आवडतो."

गेल्या नोव्हेंबरपासून ती असं म्हणत नाही. का, ते सांगतो.

ती मोटरहोम आम्ही एप्रिलमध्ये ब्रिस्टलच्या एका डीलरकडून सेकंडहँड घेतली होती. उन्हाळाभर स्कॉटलंड फिरलो, मजा केली. पण ऑगस्टमध्ये एक गोष्ट झाली. एका तळ्याकाठी गाडी लावून आम्ही दोघं फिरायला गेलो आणि परत येऊन बघतो तर आत गॅस चालू, किटली करपून काळी पडलेली. मी शपथेवर सांगत होतो की गॅस मी बंद केला होता. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. सुलक्षणानं किटली घासून ठेवली. आमची मुलगी शाल्मली वॉटफर्डला असते, तिच्या कानावर मात्र ते गेलं. मग तिनं तिच्या घराजवळचा एक फ्लॅट शोधला. एक बेडरूम, खास निवृत्त लोकांसाठी, प्रत्येक खोलीत मदत बोलवायला ओढायची लाल दोरी. "बाबा, फक्त सेफ्टीसाठी," ती म्हणाली. घर विकायचं, वसंतात मोटरहोम विकायची, असं ठरत आलं होतं. मी डॉक्टर आहे. विसरण्याची सुरुवात कशी होते हे मला कुणी सांगायला नको. रात्री पडल्या पडल्या मी मनात हाडांची लॅटिन नावं म्हणून बघायचो.

तर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही निघालो. वूस्टरच्या पुढे एका फार्मवर गाड्या ठेवायची सोय होती. जाहिरात बघून मी जागा घेतली होती. मोटरहोम घेऊन मी पुढे, आमची रोजची गाडी घेऊन सुलक्षणा मागे. दिवस छान होता. कोवळं ऊन, शेतात मेंढ्या, आणि कुठेतरी पाला जाळल्याचा वास.

फार्मची मालकीण मॅव्हिस फाटकाशीच उभी होती. साठीची, गमबूट घातलेली, हातात चहाचा मग. आमची गाडी दिसताच तिचा मग तोंडापाशी थांबला.

"आली का परत!" ती म्हणाली. मग मला म्हणाली, "तिसरी रांग, अगदी शेवटची जागा. ती हिचीच आहे. रिकामीच ठेवली होती."

मी काही विचारणार इतक्यात तिचा फोन वाजला आणि ती आत गेली. मला वाटलं, आधीचा मालकही इथेच ठेवत असणार. त्यात काय?

आम्ही कामाला लागलो. गाडीखालची टाकीची तोटी मी उघडली तसं गवतावर बदाबदा पाणी पडायला लागलं. आतले नळ उघडून ठेवले. सुलक्षणा गाणं गुणगुणत गाद्या उभ्या करत होती, कोपऱ्याकोपऱ्यात ओल शोषणाऱ्या खड्यांचे डबे ठेवत होती. मी बाहेर जाऊन टायरमध्ये हवा भरली. दहा मिनिटांनी आत आलो तर तिन्ही नळ बंद.

"अगं, नळ का बंद केलेस?"

"मी? मी कशाला हात लावू?"

"मग कुणी केले?"

तिनं हातातली गादी भिंतीला टेकवली. मग हसून म्हणाली, "राहू दे हो. उघडा परत." पण ते हसू मी ओळखलं. हॉस्पिटलात पेशंटच्या बायकांच्या तोंडावर मी ते पुष्कळ वेळा बघितलं होतं.

मी नळ उघडले. सुलक्षणा म्हणाली, "मी जरा मॅव्हिसकडे बाथरूमला जाऊन येते. चहा मिळाला तर घेऊन येते." ती गेली, आणि मी एकटाच उरलो.

तेव्हा साडेतीन झाले असतील. ऊन झाडांच्या मागे गेलं होतं. मी खिशातून कागद काढला आणि ऑपरेशन थिएटरमध्ये करायचो तसं एकेक काम मोठ्यानं म्हणत लिहायला लागलो. "नळ उघडे, तीन पस्तीस. गॅस बंद, सिलिंडर सोडवला, तीन चाळीस. किटली कपाटात, तीन बेचाळीस." माणूस विसरला तरी कागद विसरत नाही. बॅटरीची तार सोडवली तसे आतले दिवे गेले. "बॅटरी, तीन पंचेचाळीस." मग मी खाली वाकून फ्रिजच्या दारात फडक्याची घडी अडकवली.

मागे काहीतरी मऊ पडल्यासारखा आवाज झाला.

वळून बघितलं. उभ्या केलेल्या गाद्या आडव्या झाल्या होत्या. एक घसरली असती तर समजलं असतं, पण चारही गाद्या नीट जुळवून पलंग तयार केलेला होता, कडा सरळ केलेल्या. नळ तिन्ही बंद होते. आणि वास येत होता... भाजलेल्या पावाचा. ताज्या, लोणी लावलेल्या पावाचा.

किटली शेगडीवर होती.

मी कागद बघितला. माझंच अक्षर. 'किटली कपाटात, तीन बेचाळीस.' हात पुढे केला आणि बोटाच्या टोकानं तिला शिवलो.

ती कोमट होती.

मी दाराकडे गेलो. दांडी खाली दाबली, खांद्यानं ढकललं. दार हललं नाही. बाहेर अंधारून येत होतं, काचेवर माझ्याच श्वासाचं धुकं धरलं होतं. आत इतकी शांतता की टाकीत उरलेलं पाणी थेंब थेंब पडताना ऐकू येत होतं. आणि मग पलंगाकडून एक सुस्कारा आला. माणसाचा नव्हे. गादीचा. कुणी हळूच बसलं की गादीतून हवा निघते ना... तसा.

मी बघत होतो. गादीच्या कडेला खळगा पडला होता आणि तो हळूहळू खोल होत होता. पाय वर घेऊन कुणी आडवं व्हावं तसा तो खळगा लांब झाला.

"हू इज इट?" मी म्हणालो. "कोण... कोण आहे?"

पावाचा वास तेवढा जास्त आला.

तेवढ्यात बाहेर खडीवर पावलं धावत आली आणि दार उघडलं. बाहेरून अगदी सहज, एका हातानं. सुलक्षणा दम लागून उभी होती.

"अहो, बाहेर या आधी. मॅव्हिसनं सांगितलं ते ऐका."

तिथेच गवतावर उभं राहून तिनं सांगितलं. ही गाडी ग्लेनिस नावाच्या एका वेल्श बाईची. नवरा लवकर गेला, मग बारा वर्षं ती एकटीच हिच्यातून फिरली. दर नोव्हेंबरला इथे गाडी बंद करायला यायची, आणि दर वेळी रडायची. कित्येकदा घरी जायचीच नाही. सगळं आवरल्यासारखं करायची आणि गुपचूप आतच राहायची, चहा आणि टोस्टवर. मॅव्हिसला कळायचं, पण ती कळलं नाही असं दाखवायची. दोन वर्षांपूर्वी बाई पडली. मुलानं तिला केअर होममध्ये ठेवलं. मॅव्हिस भेटायला गेली तेव्हा ग्लेनिस तिचा हात धरून म्हणत होती, "मला हिवाळ्यासाठी बंद करून ठेवलंय गं." त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत ग्लेनिस वारली.

मी सगळं ऐकलं. आणि खरं सांगतो, तुम्ही हसाल, पण मला इतका आनंद झाला की मी सुलक्षणाला मिठीच मारली.

"सुलू, म्हणजे मी विसरत नाहीये! नळ मी बंद केले नव्हते. किटली मी ठेवली नव्हती. ऑगस्टमधला तो गॅससुद्धा... हा बघ कागद! शाल्मलीला फोन लाव!"

"आणि काय सांगू? बाबांचं डोकं ठीक आहे, फक्त गाडीत भूत आहे?"

दोघंही हसायला लागलो. भर थंडीत, भुताच्या गाडीसमोर, पासष्टीची दोन माणसं पोट धरून हसत होती. हसता हसता सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं ते मात्र हसण्याचं नव्हतं. इतके महिने ती किती घाबरली होती, ते मला तेव्हा समजलं.

पण काम तर राहिलंच होतं. नळ बंद राहिले असते तर पहिल्याच थंडीत गाडीच्या नळ्या गेल्या असत्या. मी पुन्हा आत जायला तयार नव्हतो. सुलक्षणा म्हणाली, "सरका. बायकांचं बायकांना कळतं."

ती आत गेली. मी दारात उभा राहिलो, दार पायानं अडवून. ती पलंगासमोर उभी राहिली आणि मराठीत बोलायला लागली. मांजर असो, बाग असो, मनातलं बोलायचं तर तिला मराठीच लागते.

"ग्लेनिसबाई," ती म्हणाली, "तुमचं खरं आहे. कुणाला असं बंद करून ठेवू नये. आम्हालाही ठेवणारच होते. पण इथे नुसता गारठा आहे हो. ना गॅस, ना पाणी. असं करा, आमच्या घरी चला. वरची खोली रिकामी आहे, हीटिंग आहे, टोस्टर आहे. मार्चमध्ये आपण परत हिला बाहेर काढू, वेल्सला जाऊ. ही गाडी आता मी विकू देत नाही. तुम्ही या, अगदी हक्कानं या."

मग गादीवरचा खळगा हळूहळू भरून आला आणि गादी सपाट झाली. माझ्या गालाजवळून उबदार वारा गेल्यासारखं वाटलं. पावाच्या वासाचा.

त्यानंतर पाच मिनिटांत सगळं आवरलं. नळ उघडले ते उघडेच राहिले. गाद्या उभ्या राहिल्या. किटली हातात घेतली तर बर्फासारखी गार. मी कुलूप लावलं, मॅव्हिसला हात केला आणि आम्ही आमच्या गाडीत बसलो. सुलक्षणानं तिथूनच शाल्मलीला फोन करून सांगितलं, "फ्लॅटवाल्यांना नाही म्हणून कळव. बाबा ठणठणीत आहेत. कारण भेटल्यावर सांगते, आत्ता तुला पटायचं नाही."

फाटकातून बाहेर पडलो आणि गाडी टिंग टिंग करायला लागली. समोर छोटा लाल दिवा: मागच्या डाव्या सीटवरच्या माणसानं पट्टा लावलेला नाही.

मागे कुणी नव्हतं. पिशवीसुद्धा नव्हती.

मी गाडी थांबवली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. सुलक्षणानं मागे वाकून रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन लावला. दिवा गेला.

"आरामात बसा हं," ती मागे बघून म्हणाली.

पुन्हा आमचं हसू सुरू झालं. मोटरवे येईपर्यंत आम्ही हसत होतो. वरच्या खोलीत कुठली रजई काढायची, बाईंना आपला आल्याचा चहा आवडेल का, इथपर्यंत बोलणं गेलं. अंधार पूर्ण पडला होता, पण मला कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मोटरवेला लागलो, आणि पुन्हा टिंग टिंग.

या वेळी उजवी सीट. माझ्या बरोबर मागची.

"सुलू," मी हळू आवाजात विचारलं, "तू नक्की काय म्हणालीस गं तिला?"

"'तुम्ही या' म्हणाले."

"तुम्ही?"

"अहो, आदरार्थी! एवढ्या वयाच्या बाईला काय 'तू ये' म्हणू?"

"पण ती तर... एकटीच असायची ना?"

"एकटीच. बारा वर्षं. मॅव्हिस दोनदा म्हणाली... एकटीच."

टिंग टिंग जलद होत होतं. थांबायला जागा नव्हती, बाजूनं लॉऱ्या धडधडत जात होत्या. आरशात बघायची माझी छाती झाली नाही. सुलक्षणानंही मान वळवली नाही.

मग माझ्या पाठीमागे पट्टा ओढला गेल्याचा लांबलचक आवाज आला. खट्. आणि दिवा विझला.

सुलक्षणाच्या दोन्ही हातांनी माझा डावा हात घट्ट धरलेला होता.