काचवाल्यानं भरलेली बाटली

विद्यापीठात प्रयोगशाळांची काचेची भांडी घडवणाऱ्या काचवाल्याच्या दारात ती संशोधक मुलगी उभी राहिली ती हातात मान मोडलेला फ्लास्क घेऊन आणि चेहऱ्यावर सुतकी कळा आणून.

"कोण गेलं?" बर्नरच्या ज्योतीवरची नजर न हलवता त्यानं विचारलं.

"थट्टा सुचतेय तुम्हाला? उद्या लागणार आहे मला हा!"

त्यानं मान वर केली... आणि हातातली काचेची नळी जरा जास्तच वितळली.

दुसऱ्या दिवशी जोडलेला फ्लास्क घेऊन तो स्वतःच प्रयोगशाळेत आला. मग काय, येतच राहिला! तीही आपलं काम रंगवून सांगायची. धातू एकच, टायटॅनियम. अल्कोहोल मात्र दर वेळी वेगळं घ्यायचं, धातूशी जोडून त्याचं अल्कॉक्साइड नावाचं संयुग करायचं, आणि कोण किती तापमानाला उकळतं, दमट हवेत कोण आधी पांढरं पडतं, ते ताडून बघायचं.

"म्हणजे नाजूक मंडळी."

"फारच. जरा ओलावा लागला की रुसलीच!"

"इथं सगळ्यांचंच तसं दिसतंय..."

तिनं डोळे वटारले, पण हसू काही लपेना.

त्यातलं आयसोप्रॉपिल अल्कोहोलचं संयुग मात्र ताळ्यावर येईना. दर वेळी उत्कलनबिंदू निराळाच. एका दुपारी तो आला, तर ती स्टुलावर डोळे पुसत बसलेली.

"उद्या माझ्या गाइड मॅडमना सांगते, मला नाही जमत. दुसरा विषय, दुसरी प्रयोगशाळा."

"असं... एकदम?"

"मग काय करू? अल्कोहोलात कुणी भेसळ केल्यासारखं वागतंय! दुसरं अल्कोहोल शिरलं, की ते पहिल्याची जागा बळकावतं."

काचवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"तुमच्या टेबलावरची निळ्या झाकणाची बाटली? ती संपत आली की... मी भरतो. माझ्याकडच्या इथाइल अल्कोहोलनं. वाटलं, भांडी विसळायला असेल. तुम्हाला भांडारापर्यंत जिने उतरायला नकोत म्हणून—"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, विचारायला तोंड नव्हतं?"

"थट्टा करायला असतं. तुमच्याशी महत्त्वाचं बोलायला नसतं."

तिनं पाठ फिरवली. सीलबंद बाटली उघडून पुन्हा पहिल्यापासून कामाला लागली. तो फिरकलाच नाही, आणि तिला मेलं करमेना! शेवटी संयुग ऊर्ध्वपातनाला लावलं आणि ती त्याला मनगट धरून घेऊन आली.

तापमापकातला पारा चढला, हव्या त्या आकड्यावर थांबला... आणि स्वच्छ थेंब पडू लागले. तिनं सोडलेला श्वास त्यालाही ऐकू आला. मनगट अजून तिच्याच हातात होतं.

"मॅडमना काय सांगणार?" त्यानं हळूच विचारलं.

"खरं तेच. भेसळ झाली होती."

"कुणी केली विचारलं तर?"

तिनं थेंबांवरची नजर काढली नाही. कान मात्र लालबुंद झाले होते.

"सांगेन... माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं."

काचवाला मटकन स्टुलावर बसला.