लातूरच्या समुद्रातला मारेकरी

"माझ्या घरात खून होऊन राहिलाय," खुर्चीत बसायच्या आधीच बसवंतअप्पा म्हणाले.

वैजनाथमामांच्या हातातला चहा हिंदकळला. रेल्वेत गार्ड म्हणून उभा जन्म काढून ते सिंधुबाईंच्या नांदेडच्या डिटेक्टिव्ह कचेरीत मदतीला आले होते, ते असलंच एखादं वाक्य ऐकायच्या आशेनं. आजवर वाट्याला आली होती ती लग्नाच्या स्थळांची चौकशी.

"कुणाचा?" सिंधुबाईंनी शांतपणे विचारलं.

"प्रवाळाचा."

मामांनी कप खाली ठेवला. त्यांची घोर निराशा झाली होती.

अप्पा लातूरचे आडत व्यापारी. त्यांच्या सुनेनं, मंजुश्रीनं, दिवाणखान्यात काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्याचा समुद्र उभा केला होता. अप्पांच्या मोबाइलवरच्या फोटोत मधोमध छत्रीच्या आकाराचं मांसल प्रवाळ होतं आणि त्यावर बारीक फुलांसारखे शेकडो तंतू. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून तिनं ते वाढवलं होतं. पुढच्या फोटोत तेच प्रवाळ सुकल्या वांग्यासारखं आक्रसलेलं.

"आमची घरवाली म्हणते, हे मेलं की टाकी घराबाहेर. सूनबाई जेवून न्हाई राहिली. हे त्या टाकीवाल्या सिद्धरामाचं काम हाय. सून सगळं स्वतःच शिकली, त्याची गरज संपली. म्हणून सूड!"

बोलता बोलता अप्पा उठले, कोपऱ्यातल्या माठाचं झाकण काढून आत डोकावले. "गाळ हाय, बाई. पाणी जपून पीत जा."

"उद्या येते," सिंधुबाई म्हणाल्या.

लातुरात टाकीपुढे मंजुश्री डोळे सुजवून बसली होती. आत केशरी मासे मजेत फिरत होते. दगडावर एक लाल पट्ट्यांचा झिंगा पाय साफ करत बसला होता. प्रवाळ मात्र मिटलेलं.

"मीठ, गरमी, सगळं रोज मोजते. सगळं बरोबर हाय," ती म्हणाली. "पाणी उडून जातं तेवढं गोडं पाणी घालते. तेबी यंत्रातून गाळून वेगळ्या ड्रमात साठवलेलं. त्यात काहीच उरत न्हाई."

तेवढ्यात अप्पांच्या पत्नी, महादेवीअक्का, तांब्याचा गडू घेऊन देवघरातून आल्या. मामांनी बाईंना कोपरानं ढोसलं. तांबं म्हणजे प्रवाळाला विष, हे त्यांनी येताना गाडीत मोबाइलवर वाचलं होतं. त्यांना धीर धरवेना.

"अक्का, टाकीत तीर्थ टाकलं का तुम्ही?"

"तीर्थ काय माशाला देतात?" अक्का उसळल्या. "मला टाकी नको, हे मी तोंडावर सांगते. चोरून कशाला करू? आणि ऐका, ही माहेरी उदगीरला गेली तेव्हा ते फुललं होतं. परत आली की मिटलं. आता तुम्हीच सांगा, कुणाचा हात वाईट?"

मंजुश्रीची मान खाली गेली. मामांना फार वाईट वाटलं.

ती माहेरी असताना टाकी बघायला सिद्धराम यायचा. त्याच्या दुकानात बाई आणि मामा पोचले तेव्हा तो धुमसतच होता.

"मी मारीन? पहिला तुकडा ह्याच हातानं दिलाय ताईला!"

"ती नसताना पाणी कुठलं घातलंस?"

"माझ्या दुकानातलं, गाळलेलंच. कॅन भरून न्यायचो. त्यांचा ड्रम कशाला उचकायचा? आधी वरच्या खोलीत होता, आता खाली अंगणात ठेवलाय."

"आणखी काही दिसलं?"

"हाव. ताई पाणी घालायची तेव्हा टाकीत पांढुरकं धुकं उठायचं अन् जरा वेळानं बसायचं. माझ्या पाण्यानं न्हाई उठलं."

बाईंनी सिद्धरामालाच सोबत घेतलं. अप्पांच्या अंगणात ड्रमांची रांग होती.

"घरातलं पाणी कोण बघतं?" त्यांनी अक्कांना विचारलं.

"हेच. दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षापासून मला ड्रमाला हात लावू देत न्हाईत."

सिद्धरामानं दाखवलेल्या टोकाच्या, मंजुश्रीच्या ड्रममधलं पाणी बाईंनी पेल्यात घेतलं आणि दिवाणखान्यात सगळ्यांसमोर मामांच्या हाती दिलं. "चाखा."

मामांनी घोट घेतला. जीभ कोरडी पडली, तोंड आवळलं. "तुरटी!"

"तीच मारेकरी," बाई म्हणाल्या. "तांबं असतं तर झिंगा आधी मेला असता. सिद्धरामाच्या मनात खोट असती, तर टाकी एकट्या त्याच्या हाती असताना प्रवाळ फुललं नसतं. मंजुश्रीचा हात वाईट नाही, तिच्या हातातलं पाणी वाईट होतं. ड्रम अंगणात आला आणि त्यात रोज तुरटी फिरू लागली. घरचे ड्रम रोज रिकामे होतात, हा सावकाश संपतो. तुरटी साचत गेली. गाळलेल्या पाण्यात गाळच नाही, मग ती खाली बसणार कशाला घेऊन? विरघळून राहिली, आणि खाऱ्या पाण्यात पडली की धुकं होऊन उठली. मासे निभावले. या मऊ जिवाला ती झोंबली."

"पण फिरवली कुणी?" मामांनी विचारलं.

"मामा, नांदेडला आपल्या माठात कोण डोकावलं?"

सगळे अप्पांकडे वळले. अप्पांचा चेहरा पडला.

"सुनेचं पाणी म्हणून दोन फेरे जास्तच मारायचो," ते कसेबसे म्हणाले. "स्वच्छ ऱ्हावं म्हणून."

"घरच्या ड्रमांत फिरवता ते ठाऊक होतं, मामंजी," मंजुश्री म्हणाली. "ह्यात फिरवाल असं मनातबी आलं न्हाई."

अप्पा उठले आणि सिद्धरामापुढे हात जोडून उभे राहिले. "कसूर माझा. पण ते वाचव."

सिद्धरामानं बाह्या सरसावल्या. त्यानं आणि मंजुश्रीनं ड्रम ओतून धुतला, ताजं गाळलेलं पाणी घेऊन मीठ कालवलं, टाकीतलं पाणी थोडं थोडं करून बदलायला घेतलं आणि टाकीत पाणी शुद्ध करणाऱ्या कोळशाची पिशवी सोडली. पुढे प्रवाळाच्या अंगावरून मेणचट कातडं सुटलं तेव्हा "गेलं!" म्हणून अक्कांनी कपाळाला हात लावला. ते कात टाकून राहिलंय, थांबा, असं मंजुश्रीनं ठामपणे सांगितलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

एका सकाळी नांदेडच्या कचेरीत व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर छत्री ताठ उभी होती आणि तिच्यावरचा प्रत्येक तंतू उलगडून पाण्यात डुलत होता. मंजुश्री हसत होती, रडत होती. अप्पा मागून "फुललं! फुललं!" म्हणून ओरडत होते. मामांनी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. खून झाला नाही याचा इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

टाकीपुढे शेजारणींची गर्दी जमली होती आणि अक्का त्यांना काचेपासून लांब सारत होत्या.

"अक्का, मग टाकी कधी हलवायची?" मामांनी हळूच विचारलं.

अक्कांनी मंजुश्रीच्या हातातला फोन ओढून घेतला.

"माझ्या सुनेचा समुद्र हाय तो! हलवायचं नाव काढलं, तर गाठ माझ्याशी हाय!"