वाडग्याजवळचे दोघे

गावप्रमुख नाना क्वाबेना आले तेच तणतणत. झऱ्याच्या पाण्यावरून शेजारच्या गावाशी तंटा होता. प्रमुखाचं म्हणणं काठीच्या टोकावरच्या कोरीव मूर्तीतून सांगायची तिथली रीत; काल समेटाच्या दरबारात त्यांची कापडात गुंडाळलेली काठी उघडली, तर टोकावर भलतीच मूर्ती.

"वाडग्यापाशी दोघं. एक जेवतोय, दुसरा पोटावर हात ठेवून बघतोय," नाना म्हणाले. "म्हणजे पाणी आमचं, तुम्ही बसा बघत! ताडकन उठून गेले ते. आता पंच अग्येईला काढणार. काठी धरून चाळीस वर्षं माझ्या वतीनं तोच बोलतोय हो!"

शोधकामात नाव कमावलेल्या दुफीबाईंनी वहाणा चढवल्या. मागोमाग निवृत्त फौजदार बोआतेन निघाले. त्यांना चोर नेहमीच आधी सापडतो, पुरावा मागाहून.

म्हातारा अग्येई शांत होता. "घाईत मीच चुकलो. लिहून घ्या आणि मोकळे व्हा."

काठ्या कोरणारा येबोआ फणकारला, "नानांनी यंदा काम दिलं नाही, राग आहेच मला. पण न्यायची होती अंड्याची काठी. हातात अंडं, म्हणजे आम्ही सांभाळून वागू."

नानांची भाची सेरवा हॅम्बुर्गला वाढलेली, आठवड्यापूर्वीच नानांच्या घरी आलेली. "समेटाला ती वळलेली मूठ कशाला, मला कळेचना," ती म्हणाली. "बायका पाण्यासाठी मैलभर चालतात, मावशी."

दुफीबाईंनी कालची काठी निरखली. वाडगं आणि दोघे लखलखत होते. सांदीतली धूळही कोणी पुसून काढली होती.

दुपारी पंच जमले.

"येबोआच!" बोआतेन म्हणाले. "राग आहे ना त्याला?"

"रागावलेला माणूस अपमानाची काठी अशी मायेनं पुसेल, फौजदार?" दुफीबाई म्हणाल्या. " येबोआला त्या हातात अंडं दिसतं, गावातल्या कुणालाही दिसेल. मूठ एकट्या सेरवालाच दिसली. तिला ती धमकी वाटली आणि हे दोघे म्हणजे पंगत. तिनं भल्यासाठीच काठी बदलली."

सेरवाला रडू फुटलं. "मला वाटलं, एकत्र जेवतायत."

"मग म्हाताऱ्यानं कबुली का दिली?" बोआतेन गोंधळले.

"काठी उघडली तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली, हिचं फुललं," अग्येई म्हणाला. "तेव्हाच कळलं मला. नाव घेतलं असतं, तर पोरीनं पुन्हा या गावात पाऊल टाकलं असतं का?"

अग्येईला काढायचा विषय पंचांनी पुन्हा काढला नाही.

सेरवानं डोळे पुसले. "मामा, शेजारच्या गावाकडे मी जाते. माझी चूक मीच सांगते."

"आणि त्यांनी हाकलून दिलं तर?" नानांनी विचारलं.

अग्येई गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"चल पोरी. चूक तू सांग, पुढचं मी बोलतो."